सासूबाईंचा भारी फोन

मुलाने पुण्याहून माझ्यासाठी फोन पाठवला. कंपनीचा यंदाचा सगळ्यात भारी फोन. मागे कॅमेऱ्याचे मोठाले डोळे, आणि वजन असं की पर्समध्ये टाकला तर खांदा एका बाजूला झुकावा. मी रोहिणखेडला शाळेत शिकवते. घरात सासूबाई आणि मी, दोघीच. आठवडाभरात फोन सासूबाईंचा झाला आणि मी मुकाट्याने माझ्या जुन्या फोनकडे परतले.

कारण तो कॅमेरा. एका संध्याकाळी त्यांनी गच्चीवरून जुन्या मशिदीकडे फोन धरला आणि चित्र मोठं करत गेल्या. दगडातली नक्षी दिसली, नक्षीच्या खोबणीत बसलेला पोपट दिसला.

"अवं बाई, मिरची हाये त्याच्या चोचीत! आपल्याच वावरातली असन."

झालं. फोन त्यांच्या कमरेला खोचला गेला.

त्याचं आणि त्यांचं सगळंच जमलं असं नाही. जन्मभर कापूस वेचून, मिरच्या तोडून बोटांवरच्या रेषा झिजलेल्या. फोन त्यांचा अंगठा काही केल्या ओळखेना. मग मी चेहरा दाखवून उघडायची सोय करून दिली. तर डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत आला की तो पुन्हा अनोळखी. "म्हातारपनी मले पदर मांगं सरकवायले लावते हा," म्हणत त्या तो सरकवत.

टाईप करणं त्यांना जमत नव्हतं, म्हणून बोललेलं लिहून घ्यायची युक्तीही मी शिकवली. तिथे खरी गंमत झाली.

एप्रिलची सकाळ होती. मी शाळेत. वावरात वांगी उदंड आलेली. सासूबाईंनी पिंपळगाव राजा या गावी राहणाऱ्या आपल्या भावाला, म्हणजे मामांना, निरोप सांगितला, "भाऊ, वावरात वांगे लय झाले. पोट्ट्यायले घेऊन ये." चष्मा घरी राहिलेला, काय उमटलं ते न वाचताच त्यांनी निरोप धाडून दिला. मग फोन धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उन्हात ठेवून त्या वांगी तोडायला लागल्या. आमच्या उन्हाची त्या फोनला सवय कुठली! तो तव्यासारखा तापला आणि बंद पडला.

शाळा सुटल्यावर मी पर्समधून माझा फोन काढला, तर मामांचे कॉलवर कॉल येऊन गेलेले. उलट लावला, तर लागेना; सासूबाईंचा तर बंदच. घाबरून मी तडक वावरात गेले. मी पोचते तोच मामांची पिकअप येऊन थांबली. मागून त्यांची दोन्ही मुलं काठ्या घेऊन उतरली. मामांच्या हातात दिवाळीत उरलेले सुतळी बॉम्ब.

"बाई, कुठं हायेत?" मामा ओरडले.

सासूबाई वांग्यांच्या ओळीतून उठल्या. "कोन?"

"वाघ!"

"काय बोलून राह्यला तू? ऊन लागलं का तुले?"

"तूच त लिहून धाडलं, वावरात वाघ लय झाले, पोट्ट्यायले घेऊन ये! तुले फोन लावला त बंद. सूनबाई उचलत नाही. जीव आमचा अर्धा झाला!"

मी मामांचा फोन घेऊन वाचलं. तसंच होतं. जंगल काही आम्हाला फार लांब नाही, बिबट्याच्या गोष्टी अधूनमधून कानावर येतातच. मामांनी विश्वास ठेवला यात नवल नव्हतं. मी वाचून दाखवल्यावर सासूबाई धुऱ्यावर बसून पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

"एवढा महाग फोन," मामा म्हणाले, "अन् याले वांगं समजत नाही!"

"पन तू आला ना धावत," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. भाऊ-बहिणीची गाठ पडून बरेच महिने झाले होते.

मामा संध्याकाळपर्यंत थांबले. भरीत-भाकर झाली. फोनही गार होऊन पुन्हा सुरू झाला. वावरात बसल्या बसल्या सासूबाई भावाला कॅमेऱ्याची करामत दाखवत होत्या. त्यांनी फोन नाल्याकडे फिरवला आणि एकदम मामांच्या हातात दिला.

"पाय बरं, मक्यात काय हालून राह्यलं?"

मामांनी चित्र मोठं केलं. "रोही! चार-पाच हायेत!"

नुसत्या डोळ्यांना तिथे मातकट ठिपक्यांपलीकडे काही दिसत नव्हतं. मुलं काठ्या घेऊन पळाली, मामांनी एक बॉम्ब लावला, आणि रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप नाला ओलांडून पार झाला. मका वाचला.

निघताना पिकअपमध्ये वांग्यांची पोती चढली आणि मामांच्या मोठ्या मुलाने सगळ्यांचा फोटो काढला. सासूबाईंनी तो निरखून पाहिला. फोनने सगळ्यांना गोरंपान केलं होतं, सुरकुत्याही पुसल्या होत्या.

"हे कोन बाई हाये मह्या लुगड्यात?" त्यांनी विचारलं.

"आत्या, तूच त हायेस. फोन आपोआप सुंदर करते."

"त्याले कोन सांगतलं?" त्यांनी फोन त्याच्या हातात परत दिला, पदर नीट केला आणि भावाशेजारी ताठ उभ्या राहिल्या. "ते बंद कर, अन् मले मह्यासारखी काढ."