डोहातलं गवत

दुधना नदीच्या काठी, परतूरपासून दोन कोसांवरच्या आमच्या गावात बद्रीनाथ ग्रामपंचायतीची मोटर चालवायचा. डोहातलं पाणी टाकीत चढवायचं आणि नळाला सोडायचं, एवढं त्याचं काम. १९८४ साली लागला तेव्हा ते सोपं होतं. पुढं त्याच कामानं त्याला जीव नकोसा केला.

खालच्या अंगाला बंधारा झाल्यापासून डोहाचं पाणी वाहायचं थांबलं होतं. शेतांतलं खत पावसाबरोबर नदीत उतरायचं आणि उन्हाळा लागला की डोहावर शेवाळाची गोधडी पसरायची. मोटरीच्या पाइपाच्या तोंडाशी जाळी होती. ती दिवसातून तीनदा तुंबायची. बद्रीनाथ पाण्यात उतरून बोटांनी शेवाळ उपटायचा. तरी नळाच्या पाण्याला वास यायचा, आणि बायका त्याच्या दारात हंडे आणून ठेवायच्या. "तूच पिऊन पाह्य," म्हणायच्या. तो प्यायचा नाही, नुसता चिडायचा.

१९९० च्या उन्हाळ्यात त्यानं बांबूला दाताळं बांधलं आणि अकरा दिवस खपून सगळं शेवाळ काठावर ओढलं. पंधरा दिवसांत पाणी परत हिरवं झालं.

तो काठावर शिव्या देत बसला होता. मासे धरून विकणारी म्हातारी गोजरबाई शेजारीच जाळं वाळत घालत होती.

"नुसतं काढून काय व्हतंय, बद्री? जागा रिकामी राह्यली की तेच येणार."

"मंग काय करू, मावशी?"

"पहिलं डोहात पट्ट्यावानी लांब गवत होतं, पाण्याखालीच वाढायचं. तवा तळ दिसायचा. बंधाऱ्याचा गाळ बसला आन् गवत गेलं. वरल्या खडकाच्या कुंडात अजून हाय थोडं."

बद्रीनाथ सायकल घेऊन गेला आणि ओल्या पोत्यात ते गवत घेऊन आला. एकेक रोप मातीच्या गोळ्यात दाबून छातीएवढ्या पाण्यात तळाशी खोचलं. महिन्याभरात सगळं सडलं. तो तणतणत गोजरबाईकडे गेला.

"खोल लावलंस," ती म्हणाली. "गढूळ पाण्यात ऊन खाली कसं पोचंल? गुडघाभर पाण्यात लाव."

दुसऱ्या वर्षी गुडघाभर पाण्यात लावलं, ते पुरानं नेलं. तिसऱ्या वर्षी भोवती बाभळीच्या फांद्या रोवल्या. कोवळ्या पात्यांवर शेवाळ चढलं की ती गुदमरायची, म्हणून आठवड्यातून दोनदा वाकून हातानं वेचायचं. कंबर धरायची. येणारे-जाणारे विचारायचे, "काय पेरून राह्यला रे नदीत?" त्यानं उत्तर देणंच सोडलं.

१९९४ च्या हिवाळ्यात पाणी निवळलं तसं गवत आपल्याच मुळ्यांनी खोल पाण्याकडं सरकत गेलं. जाळी चार दिवसांतून एकदा धुतली तरी चालायची. नळाला स्वच्छ पाणी यायला लागलं. पण हे कुणाच्या लक्षातच आलं नाही, आणि त्याचाच त्याला सगळ्यात जास्त राग आला.

"हंडा घेऊन कुणी दारात आलं न्हाई ना? तेवढंच समजा," त्याची बायको नंदाबाई म्हणाली. त्यानं ताट बाजूला सारलं.

पुढच्या वर्षी तालुक्याहून नदी साफ करायचा हुकूम आला. बद्रीनाथ तेव्हा बहिणीकडं तीर्थपुरीला गेला होता. दोन दिवसांनी परतला तर डोह उघडा पडलेला आणि काठावर गवताचा मोठा ढीग. सरपंच रामराव तिथंच उभे होते.

"बघ, बिलकुल साफ करून टाकला," ते म्हणाले.

"रामराव, ते शेवाळ न्हवतं. मी लावल्तं ते."

"हिरवं ते हिरवंच की. नदीत कुणी गवत लावतं का?"

बद्रीनाथनं मोटरीच्या किल्ल्या त्यांच्या हातात ठेवल्या आणि घरी येऊन पडून राहिला. दुसऱ्या दिवशी नळ कोरडे राहिले. दुपारी नंदाबाई म्हणाली, "राग रामरावांचा हाय ना? मंग लेकरांचं पाणी का तोडता? आन् तो ढीग पाह्यला का तुम्ही? वरून वाळलाय. आत ओल असंल."

दोघं गेली. ढिगाच्या पोटात खरंच ओल होती. सडक्या शेवाळाच्या गुंत्यातून मुळीसकट एकेक पट्टी सोडवत दोघं अंधार पडेपर्यंत बसली. नंदाबाईच्या नखांत आठवडाभर काळं राहिलं. दोन टोपल्या भरल्या. बद्रीनाथनं किल्ल्या परत मागून घेतल्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

यंदा, १९९९ साली, अर्धा डोह गवतानं धरलाय. गेल्या ग्रामसभेत रामरावांनी सांगितलं की त्यांच्या सफाईमुळं पाणी निवळलं. बद्रीनाथ बोलायला उठला. "त्या सफाईनं चार वर्षं मागं गेलो आपण," एवढंच त्याच्या तोंडून निघालं. पुढचा विषय रस्त्याचा होता. लोकांनी त्याला खाली बसायला सांगितलं. तो बसला नाही, चालत बाहेर गेला.

मीही सभेत होतो. त्याच्या मागोमाग गेलो आणि म्हणालो, "जाऊ द्या, बद्रीनाथभाऊ. पाणी तर चांगलं झालं."

"पुढच्या सरपंचानं परत उपटलं मंग?" तो म्हणाला. "एकाला तरी वळखता येतं का ते गवत?"

मला येत नव्हतं. मी तसं सांगितलं. तो म्हणाला, "उद्या ये. पायजमा वर खोचून ये."