स्टेट जुळत नाही

माझे मावसाजी कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचे अडते. त्यांचा संशय असा जबरदस्त, की उन्हात चालताना ते मधेच थांबून स्वतःच्या सावलीला दरडावतात, "काहून वं, मागं मागं येऊन राहिली?"

अशा माणसाच्या फोनमधलं कॅलेंडर मला हवं होतं. कोणत्या गावचा ट्रक कधी येणार हे ते त्यात टिपून ठेवतात आणि कुणालाही दाखवत नाहीत. मग दोन ट्रक एकाच वेळी दाराशी येऊन शिंगं भिडवतात. त्या नोंदी आपोआप वाचून दुकानातल्या टीव्हीवर दाखवणारा प्रोग्राम मी नंदनवन वस्तीतल्या माझ्या खोलीत बसून लिहिला होता. मावसाजींनी परवानगी दिली, तर शेजारच्या अडत्यांची कामंही मिळणार होती. नाही दिली, तर मी भामटा आहे ही बातमी दुपारच्या आत साऱ्या गोतावळ्यात फिरणार होती.

"पासवर्ड सांगू का?" मावसाजींनी डोळे बारीक करून विचारलं.

"नको मावसाजी. मले लागतच नाही. तुमचा मेलवालाच तुमाले विचारते. तुम्ही हो म्हणा, की तो मले टोकन देते. त्याच्यावर फक्त कॅलेंडर दिसते. मेल नाही, फोटो नाही."

घोटाळा झाला तो इथंच. आजवर जो आला त्यानं त्यांचा पासवर्ड मागितला होता. न मागणारा मीच पहिला.

"अवं, आयकलं का?" त्यांनी गल्ल्यावरच्या मावशीला हाक मारली. "किल्ली मागत नाही अन् घरात जातो म्हणते! हा तं खिडकीतून येनारा दिसते."

"माह्या बहिणीचं पोरगं हाय ते," मावशी म्हणाली.

"म्हनूनच म्हनून राहिलो."

मी लॅपटॉपवर लॉगिनचं पान उघडून दिलं, तर त्यांनी मला चहा सांगायला पिटाळलं. परत येतो तो दुकानात सुतक. मावसाजींच्या हातात फोन, फोनवर लाल अक्षरं.

"स्टेट जुळत नाही म्हणते," ते कुजबुजले आणि त्यांनी अर्धं शटर पाडलं. "कळलं त्यायले."

मावसाजी तरुणपणी वेगळ्या विदर्भासाठी धरण्यावर बसलेले. त्यांच्या एका घोषणेनं म्हणे लकडगंजातली सागाची थप्पी कोसळली होती. पुढं मेलचं खातं उघडताना पत्त्यात राज्य विचारलं, तेव्हा त्यांनी बिनदिक्कत 'विदर्भ' लिहून टाकलं. आता इतक्या वर्षांनी मुंबईनं पकडलं, अशी त्यांची खात्री झाली.

"अन् पकडून देनारा कोन? तू!"

मी आधी लायब्ररीलाच शिव्या घातल्या. लायब्ररी म्हणजे लॉगिनची कटकट सांभाळणारा, दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड. तेवढ्यात मावशीनं मला बाजूला घेतलं. "तुया लॅपटॉपवर पासवर्ड टाकाची भीती वाटली यायले. त्या पानाचा पत्ता माह्याकडून फोनवर पाठवून घेतला, अन् तिकडंच हो म्हटलं."

आता माझ्या डोक्यात उजेड पडला.

"मावसाजी, ते स्टेट म्हणजे राज्य नाही. खूण आहे. पहिले तुम्ही रुमालाखाली बोटं दाबून भाव करत होते ना? तसं लायब्ररीनं लॅपटॉपचं बोट दाबून त्याले मेलवाल्याकडं पाठवलं. परत आला तुमचा फोन! त्याले कोणतं बोट ते काय माहीत? तिनं हाकलला. मधातच कोण्या चोरानं आपला माणूस घुसवला असता तं?"

मावसाजींच्या चेहऱ्यावरची एकेक सुरकुती सैल झाली.

"म्हंजे हे लायब्ररी कोनावरच भरोसा ठेवत नाही?"

"कोणावरच नाही."

"माह्यावरही?"

"तुमच्यावर तं नाहीच."

"चांगल्या घरची दिसते," ते म्हणाले.

मग त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, लॅपटॉप, दोन्ही हात आणि स्वतःचं डोकं त्याखाली झाकून घेतलं आणि आतून पासवर्ड ठोकला. एवढ्या जोरात, की बाहेर क्रेटमधली संत्री उडाली. दुपट्टा बाजूला झाला आणि टीव्हीवर ट्रक झळकले.

दुसऱ्या सकाळी टीव्ही कोरा. घाबरून फोन केला.

"काढून घेतली परवानगी," मावसाजी शांतपणे म्हणाले. "रात्री शटर पाडतो का नाही? तसंच."

आता ते रोज संध्याकाळी परवानगी काढून घेतात आणि सकाळी दुपट्ट्याखाली शिरून पुन्हा देतात. शेजारच्या अडत्यांनी हे पाहिलं आणि कामं मिळाली मला. पण त्यांचा असा पक्का समज आहे, की दुपट्ट्याशिवाय हा प्रोग्राम चालूच होत नाही. लॅपटॉप उघडण्याआधी प्रत्येकाचा हात खांद्याकडे जातो. मीही त्यांना अजून काही सांगितलेलं नाही.