आडव्या पट्ट्यांचा कोट

कोट शिवणाऱ्या त्या दुकानात मास्तर कापड बेतायचे आणि कापायचे. तीस वर्षांत त्यांच्या कात्रीला कोणी नावं ठेवली नाहीत. एकदाच वेळ आली होती, तेव्हा एका ट्रम्पेटवाल्यानं वाचवलं.

बावीस वर्षांपूर्वी तो कार्यक्रमासाठी गावात आला, तेव्हा मास्तरांनी त्याचं जॅझ पहिल्यांदा ऐकलं. संथ धून चालली होती. फुंक इतकी हळुवार, की कोणीतरी कानाशी खासगी बोलतंय असं वाटावं. अचानक एक सूर घसरला, चांगलाच बेसूर. त्यानं ट्रम्पेट खाली घेतला, ड्रमवाल्याकडे बघून ओशाळं हसला, छातीला हात लावला. मग तोच चुकलेला सूर मुद्दाम पुन्हा लावला आणि त्यातून अशी नवी धून उभी केली, की मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

पुढच्याच आठवड्यात मास्तरांनी उभ्या पट्ट्यांच्या कोटाची डावी बाजू चुकून आडवी कापली. जास्तीचं कापड नव्हतं. मग तो ओशाळा चेहरा आठवला. त्यांनी कॉलर आणि खिशांची झाकणंही मुद्दाम आडवीच बेतली. गिऱ्हाईक आरशापुढून हलेना.

तेव्हापासून लोक तसाच कोट मागायला येत. मास्तर परतवून लावत. "ती चूक होती. ठरवून केली की लबाडी होते."

"अहो मास्तर," मालक वैतागायचा, "गिऱ्हाईक आपल्या पायांनी आलंय. तुमचा बाणा घडी करून कपाटात ठेवा की."

मास्तर हटले नाहीत. त्यांनी ट्रम्पेटवाल्याच्या कॅसेटा जमवल्या, त्या रात्रीची गोष्ट बायकोला शंभरदा ऐकवली.

"तुम्ही त्या फुंकणाऱ्याशीच लग्न करायचं होतं," ती म्हणायची.

यंदा तो पुन्हा आला, तेव्हा तीही ठेवणीतले कपडे घालून सोबत गेली. त्याचे केस पिकले होते, फुंक तशीच होती. तीच संथ धून सुरू झाली. मास्तरांची नजर सहज ड्रमवाल्याकडे गेली. त्यानं दोन्ही काठ्या मांडीवर ठेवल्या होत्या आणि तो वाट बघत होता.

मग सूर घसरला. ट्रम्पेट खाली आला. तेच ओशाळं हसू, तोच छातीवरचा हात. पुढची धूनही तीच.

बायकोनं कोपरखळी मारली. "अहो, चुकला की. अगदी तुम्ही सांगता तसा. नशीबवान आहात, दोनदा सापडला."

सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं. मास्तरांचे हात मांडीवरच राहिले.

"ड्रमवाल्यानं आधीच काठ्या ठेवल्या होत्या," घरी जाताना ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे त्याला माहीत होतं."

ती थोडं चालली. "पण वाजवलं तर छान ना?"

"छानच. माझ्याआधी किती गावांत असंच छान चुकला असेल, कुणास ठाऊक."

दुसऱ्या दिवशी दुकानात शिरताच ते मालकाला म्हणाले, "दोन वर्षं मागे लागलाय ना तो आडव्या पट्ट्यांवाला? बोलवा मापाला."

मालकानं लगेच निरोप धाडला. दुपारी गिऱ्हाईक हजर झालं. माप झालं. मास्तरांनी पट्ट्यांचं कापड पसरलं, आडवं फिरवलं, खडूनं रेघ ओढली.

"मास्तर, पहिल्यांदा हे चुकून झालं होतं म्हणे?" गिऱ्हाइकानं विचारलं.

मास्तरांनी कात्री खाली घेतली, मालकाकडे बघून ओशाळं हसले आणि छातीला हात लावला.