सात मिनिटांची खाडी

मासळीची पाटी डोक्यावर घेऊन मथुरा डोर्लेकर वाडीतून निघाली की कुणीतरी हटकून विचारायचं, "काय अध्यक्षीणबाई, आज मिटिंग की मुशी?"

"मिटिंगीत पण मुशीच असतात, मेल्या," ती न थांबता म्हणायची. "दात तेवढे मोठे."

अध्यक्षपद होतं शाळा व्यवस्थापन समितीचं. आरे-वारेच्या पुढे रस्ता समुद्राला सोडून आत वळतो, तिथल्या एका बारक्या खाडीच्या काठावर कांदळवाडी. वाडीत पहिली ते चौथीची सरकारी शाळा, एक खोली, एक पडवी, मुलं अकरा. मथुराचा मुलगा ट्रॉलरवर खलाशी, सून रत्नागिरीत कोळंबीच्या कारखान्यात. नात तेजस्वी आजीपाशी, म्हणून पालक म्हणून नाव आजीचं. अध्यक्ष कोण होणार असं शाळेच्या बाईंनी विचारलं तेव्हा सगळे आपापल्या चपला बघत बसले होते. मथुरा म्हणाली, "मग काय, मी होऊ?" तिने खरं तर टोमणा मारला होता. बाईंनी लिहून घेतलं.

तिची स्वतःची शाळा दुसरीपर्यंत. तेव्हा कांदळवाडीला शाळा नव्हती. होती ती समोरच्या काठावर, बंदरवाडीला. बाप घरी असला तर होडीतून सोडायचा, समुद्रावर गेला असला तर राहिलं. पावसाळ्यात खाडीला लोंढा यायचा. आई म्हणायची, "मोठी झालीस की बघू." मोठी होईपर्यंत हजेरीपटावरून नाव उडालं होतं.

लग्न वाडीतच झालं, चार घरं सोडून. त्याच्या दुसऱ्या वर्षी कांदळवाडीला शाळा मंजूर झाली आणि वाडीने चिरे वाहिले. मथुराला सातवा महिना होता. सासू ओरडत होती तरी तिने एक चिरा उचललाच. डाव्या खिडकीखालचा. तेजस्वीला शाळेत घातलं त्या दिवशी तिने त्यावर हात ठेवून दाखवला होता. "ह्यो माझा."

त्या शाळेबद्दल गेल्या दिवाळीनंतर कागद आला. पट वीसच्या खाली, म्हणून शाळा जवळच्या शाळेत समाविष्ट करण्याचे प्रस्तावित आहे. जवळची शाळा, बंदरवाडी. अंतर, सहाशे मीटर.

"सहाशे?" मथुराने बाईंना पुन्हा वाचायला लावलं. "खाडी कुठे लिवलीय?"

खाडी कुठेच लिहिली नव्हती. कुणीतरी नकाशावर सरळ रेघ ओढली होती, आणि रेघेला पाय ओले करावे लागत नाहीत.

मग रत्नागिरीहून नेत्रा यायला लागली. गावशाळा मंचाची पोरगी, पंचविशीची, पाठीवर सॅक. मंच अशा बारा शाळांसाठी भांडत होता. तिने वाडीला कायदा समजावून सांगितला, पहिलीच्या पोराला एक किलोमीटरच्या आत शाळा हवी. "पण काकी, आपल्याला चालण्याचं अंतर सिद्ध करावं लागेल. खाडीच्या कडेने वर साकवापर्यंत, तो ओलांडून मग पलीकडून परत खाली."

"सिद्ध म्हंजे?"

"म्हणजे मोजून."

दुसऱ्या दिवशी मथुराने जाळ्याचा दोर काढला. दोर आणि पाण्याची खोली खारवी मच्छीमार वावेत मोजतात, दोन्ही हात पसरून एका बोटापासून दुसऱ्या बोटापर्यंत. शंभर वाव दोर, दोन टोकांना दोन बायका, मध्ये मथुरा गाठी मोजतेय. सकाळी निघाल्या त्या दुपारी बंदरवाडीला पोचल्या. तीन हजार वाव.

नेत्राने फोनवर हिशेब केला आणि आनंदाने ओरडली. "साडेपाच किलोमीटर! काकी, तुम्ही कमाल आहात!"

"कमाल कसली. पाय तुटले आमचे."

नेत्राने अर्ज केला, त्याला वावेचा तक्ता जोडला. उत्तर आलं की वाव हे मान्य परिमाण नाही. तथापि स्थळपाहणी करण्यात येईल. नेत्राला त्यातला 'तथापि' फार आवडला. "शिक्षण खात्याचे साहेब स्वतः येतायत, काकी! आता सगळं त्या अहवालावर. तुम्ही एकच करायचं. त्यांना चालवत न्यायचं. शाळेपासून शाळेपर्यंत, पूर्ण."

"बरा."

"मी त्या दिवशी मंडणगडला अडकलेय. होडीचं नावसुद्धा काढायचं नाही हं."

"अगो, समजला. मी काय कुकुलं बाळ हाय?"

साहेब मार्चमध्ये आले. मथुराला वाटलं होतं, कुणी तरतरीत, चष्म्यावरून बघणारा असेल. हे तर निवृत्तीला सहा महिने राहिलेले, ढेरपोटे, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. त्यांनी मुलं मोजली, पाढे म्हणून घेतले, तेजस्वीला शाबास म्हणाले. गाडी बंदरवाडीला जाऊन थांबायला सांगितली आणि छत्री उघडून म्हणाले, "चला वहिनी. दाखवा तुमची वाट."

बाई शाळेत थांबल्या. दोघंच निघाले. वाट पाण्याच्या कडेने, एका बाजूला कांदळ, दुसऱ्या बाजूला तापलेला कातळ. साहेब सुरुवातीला बोलत होते, मग बोलणं थांबलं, मग छत्री काठीसारखी टेकायला लागले.

"वहिनी, अजून किती?"

"हाय थोडा." खरं तर पाचशे वावसुद्धा झालं नव्हतं.

एका काळ्या दगडाशी ते थांबले आणि बसले. रुमाल काढला, तो कपाळापर्यंत पोचेना. वरच्या ओठावर घामाचे थेंब होते, बारीक, गार दिसणारे. तसे थेंब मथुराने एकदाच पाहिले होते, नवऱ्याच्या ओठावर. रावजीला खुर्चीत बसवून याच वाटेने दवाखान्यात नेत होते. साकव येण्याआधीच खुर्ची खाली ठेवावी लागली होती.

"पाणी घेवा, साहेब."

"गुडघे... ऑपरेशन सांगितलंय. दोन मिनिटं बसतो."

भरतीचं पाणी काठापर्यंत चढलेलं. खाडीत धोंडू, मथुराचा दीर, जाळं बघत होता. त्याने लांबून हाक दिली, "वैनी गो! साहेबांना काय उन्हात सुकत घातलंस? पावना हाय का बोंबील?"

साहेब हसले. हसताना त्यांना धाप लागली.

मथुराला नेत्राचा शब्द आठवला. अगदी नीट आठवला. ती साहेबांकडे बघत राहिली, पाण्याकडे बघितलं, आणि तिने हात वर केला.

होडी काठाला लागली. साहेबांना दोघांनी धरून बसवलं. पाण्यावर वारा होता. साहेबांच्या तोंडावर रंग परत आला, तसा मथुराचा जीव भांड्यात पडला. बंदरवाडीच्या धक्क्याला उतरल्यावर तिने शहाळं सोलायला लावलं, त्यांनी ते घटाघटा प्यायलं, आणि ओठ पुसत सहज विचारलं, "किती वेळ लागला हो?"

धोंडूने मान खाली घातली. तो कधी स्वतःचं कौतुक करत नसे. ते काम भावजयीचं.

"सात मिनिटां!" मथुरा म्हणाली. "ह्या खाडीत भावजींच्या वल्ह्याला तोड नाय, साहेब. सात मिनिटांत आणलानी का नाय?"

"आणलं खरं," साहेब म्हणाले आणि खिशातलं पेन काढलं.

संध्याकाळी नेत्राचा फोन आला. "चालले ना साहेब?"

मथुरा चुलीपुढे बसून होती. "चालले," ती म्हणाली. थोडे चालले होते, ते खोटं नव्हतं.

एप्रिलमध्ये रत्नागिरीला सुनावणी लागली. लांब टेबल, पंखे, मध्ये एक अधिकारी बाई. साहेबही आले होते, मथुराला बघून त्यांनी हात जोडले. मग अहवाल वाचला गेला. "सदर दोन शाळांमधील अंतर जलमार्गाने सात मिनिटांत पार होते. प्रस्तुत अधिकाऱ्याने स्वतः प्रवास केला असून ग्रामस्थांनी होडी स्वयंस्फूर्तीने उपलब्ध करून दिली. विद्यार्थ्यांची गैरसोय होणार नाही."

नेत्रा मथुराकडे वळली. तिने दोन शिव्या दिल्या असत्या, तर मथुराला बरं वाटलं असतं.

मथुरा उठली. "साहेब, ती सात मिनिटां खाडीची नव्हती. तुमच्या गुडघ्यांची व्हती."

"बाई, नीट सांगा," अधिकारी बाई म्हणाल्या.

"नीटच सांगतेय. त्या दिवशी भरती व्हती. ओहोटीला होडी चिखलात बसते. जूनला होड्या काठावर येतात, त्या नारळी पुनवेपातूर पाण्यात नाय जात. शाळा कधी सुरू होते? जूनला. आनी भावजी काय रोज काठावर बसून ऱ्हातात? ह्या साहेबांना भोवळ येत व्हती, म्हनून मी होडी बोलावली. विचारा त्यांना."

साहेब समोरच्या कागदाकडे बघत होते. "त्यांनी खूप मदत केली, मॅडम," ते हळू म्हणाले. "ते खरं आहे."

"पण भरती-ओहोटीचं, होड्या बंद असण्याचं अहवालात काही नाही."

"नाही."

"मग मी काय करू?" त्या म्हणाल्या. त्यांनी ते मथुरालाच विचारलं, आणि त्यांनाही ते वाईट वाटत असावं. पुढचं नाव पुकारलं गेलं.

बाहेर जिन्यात मथुरा थांबली. "नेत्रा, मी तुला चालले म्हटला."

"हो."

"तू मला बोल काय तरी."

नेत्राने सॅकचा पट्टा सरळ केला. "काकी, मी असते तर मीही होडी बोलावली असती," ती म्हणाली. "पण सात मिनिटं... सात मिनिटं तरी कशाला सांगितलीत हो?"

दिराचं कौतुक केलं, असं कसं सांगायचं?

मे महिन्यात शाळा बंद झाली, तिथल्या बाईंची बदली झाली. फळा आणि बाकं धोंडूच्या होडीतून बंदरवाडीला गेली. ती मात्र खरोखरच सात मिनिटांत गेली. धोंडूने त्या दिवशी जेवण टाकलं. मंचाने वर पुन्हा अपील केलंय; नेत्रा अजून फोन करते, तारीख सांगते, आणि तारीख पुढे जाते.

जूनमध्ये होड्या काठावर आल्या, पालथ्या घातल्या, त्यांच्यावर नारळाची झापं चढली. अकरा मुलं मथुराच्या मागे कडेच्या वाटेने निघाली. मासळीची पाटी तिने बंद केली. सकाळची वेळ आता या वाटेची. पहिल्या पंधरवड्यात दोन मुलं मुंबईला गेली, एक मामाकडे. अक्षया तिसरीत होती, ती घरीच राहिली. मथुरा तिच्या दारात जाऊन उभी राहिली.

"एवढा चालून ताप आला हो पोरीला, काकी," अक्षयाची आई म्हणाली. "मोठी झाली की बघू."

मथुराने उंबऱ्याला हात टेकला. बोलायला खूप होतं, पण कुठल्या तोंडाने?

जुलैतल्या एका सकाळी पाऊस जरा थांबला होता. खाडी लाल, फुगलेली, वाटेवर घोट्याएवढं पाणी. सात मुलं मागे. काळ्या दगडाशी तेजस्वी थांबली आणि त्यावर बसली.

"आजी, माझे पण गुडघे दुखतात."

"चल बाय. थोडाच ऱ्हायला."

"धोंडूआजोबांना हाक मार ना. त्या साहेबांना नेला तसा."

मथुराने खाडीकडे बघितलं. तिचा हात छत्री सोडून थोडा वर आला होता. तो तिने खाली घेतला.

तेवढ्यात पाण्यावरून आवाज आला. बंदरवाडीची शाळा भरली होती. प्रार्थना सुरू झाली होती, शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"सुरू झाली!" तेजस्वी दगडावरून उतरली. "आजी, आज पण चुकली."

"इथंच म्हणूया," मागून भावेश म्हणाला. तो पहिलीतला.

सातही मुलं पाण्याकडे तोंड करून उभी राहिली आणि हात जोडून समोरच्या आवाजात आवाज मिसळायला लागली. मथुरा त्यांची दप्तरं धरून मागे उभी राहिली. तिला पहिल्या दोनच ओळी येत होत्या. दुसरीत शिकवलेल्या. पुढे ती नुसते ओठ हलवत राहिली.

पलीकडची प्रार्थना संपली. हजेरी सुरू झाली असणार.

"चला," मथुरा म्हणाली. तिने तेजस्वीला पाठुंगळी घेतलं. "अजून अडीच हजार वाव हाय."