घरटी एक पाटी माती

सांगलीत आमच्या गल्लीत रस्त्यासाठी मुरूम ओतलाय. टँकरनं त्यावर पाणी मारलं आणि त्याचा तुरट वास गॅलरीपर्यंत आला. शेजारणीनं नाक मुरडून खिडकी लावली. मी मात्र चहा गार होईस्तोवर उभी राहिले, कारण या मुरमानंच एकदा माझ्या आईचा जीव भांड्यात पडला होता.

स्वातंत्र्याची पन्नाशी झाली, त्यानंतरच्या थंडीत वडूजजवळच्या आमच्या गावानं ठरवलं, देशासाठी फासावर गेलेल्या वीराचा पुतळा नको, त्याच्या नावानं मातीची टेकडी उभारायची. घरटी एक पाटी, आपापल्या रानातली. कल्पना गोड होती, पण आमच्या बौद्धवस्तीत रान होतं कुणाला? आईनं माळावरचा मुरूम खणून पाटी भरली, वर झेंडूचं फूल ठेवलं आणि निघाली. गावानं आपल्याला आपल्यात धरलंय की नाही, एवढंच तिला बघायचं होतं. देखरेखीला असलेले निवृत्त सुभेदार अडखळले. "वैनी, समदी काळी माती हाय. ही ऱ्हाऊ द्या बाजूला, बघू." नाही म्हणाले असते तर आई भांडली असती. 'बघू'शी भांडायचं कसं? पाटी बाभळीखाली राहिली आणि आई त्या वाटेनं जाईनाशी झाली.

मानाची म्हणून जो तो येरळेकाठची काळीभोर माती आणत होता. चोपून-चोपून टेकडी झकास उभी राहिली. काळी माती उन्हात कशी फाटते हे इथं पोरासोरांनाही ठाऊक. पण भक्तीच्या भरात कुणाला आठवलंच नाही. शिमग्याला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या. आता वळवाच्या एका सरीत वीर ओढ्याला लागणार, म्हणून गाव हबकलं. वरून उन्हात न फाटणाऱ्या मुरमाचा जाड थर द्यायचं ठरलं, आणि सुभेदार टोपी हातात घेऊन आमच्या दारात आले.

"वैनी, तुमची पाटी हाय न्हवं?"

"हाय की. तुमीच ठिवलीया बाजूला."

ते मान खाली घालून हसले. "चुकलं आमचं. पयली तुमीच वता."

आईनं ओतली, मागोमाग सगळ्या गावानं माळावरून मुरूम वाहिला. घरी येऊन ती भिंतीला टेकली, "घेतली गं बाई," म्हणाली आणि पोटभर जेवली. इतके दिवस तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

आता आई नाही, सुभेदारही नाहीत. टेकडीवर गवत माजलंय, पोरं घसरगुंडी खेळतात. गावाच्या मनातलं सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. पण गवताच्या मुळांनी काळी आणि माळावरची अशी गच्च बांधून टाकलीय, की आता आमची माती वेगळी काढायची तर कुणालाही आधी अख्खी टेकडी पाडावी लागेल.