उतरवून ठेवलेली माळ

गावात लोक अजून माझ्या पाया पडतात. माळकरी माणूस, कधी खोटं बोलला नाही, असं म्हणतात. विसाव्या वर्षी तुळशीची माळ घातली तेव्हा खोटं बोलणार नाही असं देवासमोर कबूल केलं होतं. ते मी पाळलं नाही. घशाच्या आजारानं आवाज जायच्या आत हे सांगायचं आहे.

इंदूवहिनी माझ्या वारलेल्या चुलतभावाची बायको. तिच्या उसाची वाट एका बड्या बागायतदाराच्या रानातून होती. त्यानं ती नांगरून टाकली, म्हणून वहिनीनं तहसीलात अर्ज केला. त्याच सुमारास माझा मुलगा त्या बागायतदाराच्या शाळेत शिपाई म्हणून लागायचा होता. मला निरोप आला : वाट नव्हती, एवढंच सांगा.

तहसीलदार वाटेच्या पाहणीला यायचे होते, त्या सकाळी मी माळ काढून देव्हाऱ्यात ठेवली. काही जण मटण खाताना माळ खुंटीला अडकवतात, तसंच. गळ्यात माळ नसली की खोटं देवापर्यंत जाणार नाही, असं खरंच वाटलं मला. गळ्याभोवती उपरणं गुंडाळून बांधावर गेलो.

"हे माळकरी हायत साहेब, ह्यांनाच इचारा," बागायतदार म्हणाला.

"इथनं कधी गाडी गेली न्हाय," मी सांगितलं आणि वाकून जबाबावर सही केली. त्या वाटेनं मी स्वतः गाड्या हाकल्या होत्या. वहिनी समोर उभी होती, एक शब्द बोलली नाही.

संध्याकाळी मी माळ परत घातली. मुलगा नोकरीला लागला. वहिनीचा अर्ज फेटाळला गेला, तिचा ऊस उभा वाळला. पुढं तिनं रान त्याच माणसाला दिलं आणि परंड्याच्या एका खानावळीत भाकरी थापायला गेली. वीस वर्षं मी तिकडं फिरकलो नाही.

यंदा दवाखान्यात घशाचा फोटो काढायचा होता. तिथल्या मावशी म्हणाल्या, "बाबा, माळ काढा." माझे हात उठेनात. त्या हसल्या. "काढा की! देव काय माळंत बसलाय व्हय? ती नसली तरी त्यो बघतोयच."

त्या बाईनं मला धीर द्यायला म्हटलं होतं. मला मात्र मशीनखाली बांधावरची ती सकाळ आठवली : तेव्हाही तो बघतच होता.

तिथून माळ मुठीत धरून थेट परंड्याला गेलो. वहिनी ज्वारी निवडत होती. मी सगळं सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"ठाव हाय मला. सही करताना उपरणं घसरलं तुमचं. गळा मोकळा दिसला."

"मग बोलला का नाहीत?"

"माझं कोण ऐकणार? म्हटलं, माळ काढावी लागली म्हंजी ह्या माणसाला अजून भ्या हाय. येईल कवातरी. लई उशीर केला, भावजी." मग म्हणाली, "काढून खोटं बोललात. आता घालून खरं बोला. माझ्यापशी न्हाय, तहसीलात."

दुसऱ्या दिवशी माळ घालून लेखी जबाब दिला. कारकून म्हणाला, "बाबा, आता ह्याचा काय उपयोग?" रान परत येणार नाही, हे मलाही कळतं. मुलगा माझ्याशी बोलत नाही. जबाबाची शिक्का मारलेली प्रत वहिनीनं पिठाच्या डब्याखाली ठेवली. मला माफ केलं, असं ती म्हणाली नाही, आणि मीही विचारलं नाही.

सोमवारी शस्त्रक्रिया आहे. आवाज राहणार नाही, असं डॉक्टर सांगतात. आधी तो वाचावा म्हणून मी देवाला साकडं घालत होतो. आता घालत नाही. एवढं बोलेपर्यंत त्यानं तो माझ्यापाशी राहू दिला, यातच त्याची दया मला दिसली. आता त्याला हवा तर त्यानं न्यावा.