साध्या पाण्याचे उंदीर

प्रयोगशाळेत सगळे त्यांना काका म्हणत. उंदरांना खाऊपिऊ घालायचं, त्यांच्या रक्ताच्या काचपट्ट्या करायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजायच्या, हे त्यांचं सव्वीस वर्षांचं काम. बायको गेलेली, मुलगी सासरी. दिवसभरात चार शब्द बोलायचे, तेही उंदरांशीच.

या खेपेला प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम खाण्याच्या वस्तूंना चकाकी आणणाऱ्या एका पांढऱ्या रंगाचे नॅनोकण तपासत होत्या. कण इतके बारीक, की पोटातून थेट रक्तात उतरत असावेत अशी त्यांना शंका. तीन पिंजऱ्यांना कण मिसळलेलं पाणी, चौथ्याला साधं. पेशीतला डीएनए तुटला असेल, तर काचपट्टीवर तिला धूमकेतूसारखी शेपटी फुटलेली दिसते. धड पेशी गोल गरगरीत.

तीन महिन्यांनी पाहिलं, तर साध्या पाण्याच्या उंदरांच्या पेशींनाही शेपट्या! मॅडमनी कपाळाला हात लावला. "पाण्याची अदलाबदल झाली का हो, काका?"

"छे," काका म्हणाले, आणि त्यांचा हात खिशाकडे गेला. चौथ्या पिंजऱ्यातले उंदीर त्यांची चाहूल लागली की जाळीला नाक लावून उभे राहत. यांना कण द्यायचे नाहीत, मग लाड करायला काय हरकत, म्हणून काका रोज त्यांना आपल्या खिशातल्या पेपरमिंटच्या गोळीचा तुकडा देत. पांढरी, चकचकीत गोळी.

गप्प बसले असते तर कुणाला पत्ता लागला नसता. त्यांनी गोळ्यांची पुडी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. मॅडमनी पुडीवरची बारीक अक्षरं वाचली. तोच रंग.

"तीन महिने पाण्यात गेले, काका." मग थांबून, "तुम्ही स्वतः किती खाता?"

"दहा-बारा. घरी बोलायला कुणी नाही, निदान तोंड तरी चालू राहतं."

मॅडमनी त्यांचं रक्त घेतलं. पट्टी काकांनीच केली, मोजलीही त्यांनीच. शंभर पेशींत अकरा शेपट्या, नेहमीपेक्षा जास्त.

"एका माणसाच्या रक्तावरून काही सिद्ध होत नाही," मॅडम म्हणाल्या. "वय असतं, हवा असते. पण गोळ्या बंद."

प्रयोग नव्याने मांडला. उंदरांचं काम दुसऱ्याकडे गेलं. काकांना फक्त मोजायची खोली उरली, दार लावलेली.

संध्याकाळी त्यांनी मुलीला फोन केला. "चार दिवस येऊ का गं?"

"पुढच्या महिन्यात या ना, बाबा. सध्या इथे जरा ओढाताण आहे."

"हो हो, घाई कुठे आहे."

सकाळी त्यांनी पुढच्या महिन्याच्या रजेचा अर्ज घेतला. कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'बोलायला'.